गडग्याआडची माती : माल्टाची शेती

[दृश्य : बांधकामाची जागा. यंत्राने वरवरची तांबूस माती खरवडून ट्रकमध्ये भरली जात आहे.]

इथे इमारत उभी राहणार आहे. पण पाया खणण्याआधी वरची माती काढून घ्यायची. ती राडारोड्यात मिसळायची नाही, तिच्यावर काँक्रीट ओतायचं नाही. शेतात नेऊन पसरायची. माल्टामध्ये १९७३ पासून हा कायदा आहे. सुपीक माती जपण्याचा कायदा, असंच त्याचं नाव.

मातीसाठी वेगळा कायदा करावा लागला तो का, हे नकाशा पाहिला की कळतं. इटलीच्या सिसिली बेटापासून दक्षिणेला साधारण ९० किलोमीटरवर, भूमध्य समुद्राच्या मधोमध माल्टा, गोझो आणि चिमुकलं कोमिनो ही बेटं आहेत. सगळी मिळून ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या जेमतेम निम्मी. लोकसंख्या पाच लाखांवर. बारमाही वाहणारी एकही नदी नाही. खाली चुनखडक, आणि त्यावर कुठे वीतभर, कुठे हातभर माती.

तरीही देशाच्या सुमारे एक-तृतीयांश जमिनीवर आजही शेती होते.

[दृश्य : डिंगली गावाबाहेरचा उतार. एकाखाली एक शेतांच्या पट्ट्या.]

गावाबाहेर पडलं की या पट्ट्या दिसू लागतात. प्रत्येक पट्टीच्या कडेला दगडांची भिंत. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या माणसाला ती बघताक्षणी ओळखू येईल. हा गडगाच आहे, फक्त जांभ्याऐवजी चुनखडकाचा.

[दृश्य : गडगा रचणाऱ्या माणसाचे हात, जवळून.]

गडगा रचताना मोठ्या दगडांचे दोन पदर उभे करतात. मधल्या पोकळीत बारीक दगड आणि कपच्या ठासून भरतात. चुना नाही, सिमेंट नाही. वरचा प्रत्येक दगड खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर बसला पाहिजे, आणि दोन्ही पदर वर जाताना थोडे आत कलले पाहिजेत. दगड उचलायचा, फिरवून बघायचा, बसत नसेल तर बाजूला ठेवून दुसरा घ्यायचा. काम सावकाश चालतं, ते घाईने होण्यासारखं नाहीच.

शरद ऋतूत इथे पहिला पाऊस येतो तो कोसळतच. तेव्हा पाणी या गडग्याच्या फटींतून पाझरून खालच्या पट्टीत उतरतं आणि माती मागेच थांबते. सिमेंटची बंद भिंत घातली तर मागे पाणी तुंबतं आणि एक दिवस भिंतच माती घेऊन आडवी होते. गडगा एका जागी ढासळला आणि तसाच ठेवला, तर दोन-चार पावसांत वरची पट्टी खालच्या रस्त्यावर येते. पिढ्यान्‌पिढ्या राखलेली माती गटारातून समुद्रात जाते. म्हणून १९९७ साली गडग्यांनाही कायद्याचं संरक्षण मिळालं. परवानगीशिवाय ते पाडता येत नाहीत.

या दगडांच्या फटींत केपरची झुडपं आपोआप उगवतात. त्यांच्या कळ्या खुडून खाऱ्या पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये मुरवतात. वाऱ्याच्या बाजूला निवडुंगाचं कुंपण असतं, त्याची लाल-पिवळी बोंडं उन्हाळ्यात खातात. इथे आडोशाची जागासुद्धा वाया जाऊ देत नाहीत.

जमीन मोजायचं इथलं माप आहे तोम्ना. एक तोम्ना म्हणजे ११२४ चौरस मीटर, आपल्या हिशेबाने साधारण अकरा गुंठे. वाटण्या होत होत तुकडे इतके लहान झाले आहेत की शेतकऱ्याची सरासरी जमीन जेमतेम एक हेक्टर भरते, तीही एका जागी नाही. एक तुकडा डोंगरउतारावर, दुसरा दरीत, तिसरा शेजारच्या गावात. बहुतेकांची शेती नोकरी सांभाळून होते.

[दृश्य : दरीतला झरा. दगडी पाट. जुन्या रहाटाचे अवशेष.]

पाऊस वर्षाला साधारण ५५० मिलिमीटर. आपल्या माण-आटपाडीच्या शेतकऱ्याला हा आकडा ओळखीचा वाटेल. फरक ऋतूचा आहे. इथे पाऊस पडतो ऑक्टोबर ते मार्च, थंडीत. जून ते ऑगस्ट जवळजवळ कोरडे. म्हणजे पिकाला ऊन भरपूर मिळतं तेव्हा पाणी नसतं.

पण या खडकाने पाणी साठवण्याची सोय केली आहे, आणि तीही दोन मजली. डिंगली आणि रबात या गावांच्या पठारावर वरचा चुनखडक सच्छिद्र आहे. त्याच्या खाली निळसर चिकणमातीचा थर. झिरपलेलं पाणी या थरावर अडतं आणि दरीच्या कडेने झऱ्यांवाटे बाहेर पडतं. या झऱ्यांखाली पूर्वापार बागायत आहे, बाकी बहुतेक जिरायत. नवव्या शतकात अरब इथे आले. रहाटाने पाणी उपसण्याची आणि पाटाने ते खेळवण्याची रीत त्यांनीच आणली असं मानलं जातं. माल्टी भाषेत रहाटाला सिएन्या म्हणतात. खेचर किंवा गाढव गोल फिरायचं आणि मडकी भरून वर यायची.

दुसरा साठा समुद्रसपाटीला आहे, आणि तो फार नाजूक आहे. खडकात शिरलेल्या जड, खाऱ्या समुद्राच्या पाण्यावर गोडं पाणी दुधावरच्या सायीसारखं तरंगत असतं. भूजलशास्त्राचा ठोकताळा असा : समुद्रसपाटीच्या वर गोडं पाणी एक मीटर असेल, तर खाली ते सुमारे चाळीस मीटर असतं. हा हिशेब उलटाही चालतो. वरची पातळी एक मीटरने उतरली, की खालून खारं पाणी चाळीस मीटर चढतं.

विंधन विहिरी आल्या, विजेचे पंप आले आणि नेमकं हेच झालं. कित्येक विहिरींचं पाणी मचूळ झालं. खताचं नायट्रेटही झिरपत खाली पोहोचलं. प्यायच्या पाण्यासाठी देशाने समुद्राकडे तोंड वळवलं. १९८२ साली आर लाप्सी इथे समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प सुरू झाला. आज नळाला येणाऱ्या पाण्यात निम्म्याहून मोठा वाटा समुद्राचा आहे. शेतीसाठी आता शहरांचं सांडपाणी पुन्हा पुन्हा शुद्ध करून शेतांकडे वळवलं जातं. ‘न्यू वॉटर’ या नावाने ते ओळखलं जातं. ज्या देशाला नदी नाही, त्याने आपलं सांडपाणीच पाटाला लावलं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

[दृश्य : राजधानी व्हॅलेट्टाचं बंदर. धान्य उतरवणारं जहाज.]

या मातीने इथल्या माणसांना पोटभर भाकरी मात्र कधी दिली नाही. १५३० साली सम्राट पाचव्या चार्ल्सने ही बेटं सेंट जॉनच्या सरदारांना, म्हणजे एका लढवय्या ख्रिस्ती पंथाला, दिली. त्याआधी त्यांनी पाहणीसाठी माणसं पाठवली होती. त्यांचा अहवाल निराशाजनक होता : खडकाळ बेट, जेमतेम तीन-चार फूट माती, धान्याला निरुपयोगी. पण त्याच अहवालात आणखी एक नोंद होती. इथे मध, कापूस आणि जिरं चांगलं होतं, आणि ते देऊन लोक सिसिलीतून धान्य आणतात.

हो, कापूस आणि जिरं. माल्टाचं सूत अठराव्या शतकात बार्सिलोनाला जायचं. घरोघरी बायका सूत कातायच्या आणि बेटाचा संसार त्यावर चालायचा. मग स्पेनची बाजारपेठ बंद झाली, पुढे इजिप्तच्या कापसाने उरलंसुरलं संपवलं. सूत गेलं तशी हजारो माणसं उत्तर आफ्रिकेत पोट भरायला निघून गेली.

परक्या धान्यावर जगणं काय असतं, ते दुसऱ्या महायुद्धात कळलं. तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात असलेल्या या बेटाला वेढा पडला, पावावर रेशन आलं. ऑगस्ट १९४२ मध्ये चौदा मालवाहू जहाजांचा तांडा माल्टाकडे निघाला. पोहोचली पाच. ‘ओहायो’ हे तेलवाहू जहाज अर्धवट बुडालेल्या अवस्थेत १५ ऑगस्टला बंदराला लागलं. तो मेरीमातेचा सण होता. तो तांडा माल्टाचे लोक आजही ‘सांता मारिया’ म्हणूनच ओळखतात.

[दृश्य : जुनं छायाचित्र. व्हॅलेट्टाच्या रस्त्यावर शेळ्यांचा कळप.]

या छायाचित्रातल्या शेळ्या बघा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दूध असं मिळायचं. गवळी कळप घेऊन दारात यायचा आणि समोर पिळून द्यायचा. याच काळात बेटावर एक चिवट ताप होता. आठवडेच्या आठवडे चढायचा-उतरायचा, सांधे धरायचे, कधी माणूस दगावायचा. ब्रिटिश सैनिक त्याने बेजार होते. त्याला माल्टा तापच म्हणत. १८८७ साली डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने त्याचा जंतू शोधला. पण तो येतो कुठून, हे पुढे अठरा वर्षं कळलं नाही.

१९०५ साली माल्टाचेच डॉक्टर थेमिस्टोक्लीस झामित यांनी शेळ्यांचं रक्त तपासलं. दिसायला धडधाकट शेळ्यांमध्ये तो जंतू होता आणि दुधातून तो घराघरात पोहोचत होता. सैनिकांचं शेळीचं दूध बंद केलं, तापाचे रुग्ण झपाट्याने कमी झाले. हाच तो ब्रुसेलोसिस. आज महाराष्ट्रात चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना ज्या रोगाची लस टोचतात, त्याचं कोडं इथल्या गोठ्यांत सुटलं.

या झामितांचं आणखी एक काम सांगितल्यावाचून राहवत नाही. तारशीन गावात एका शेतकऱ्याच्या नांगराला सारखे मोठमोठे दगड लागत होते. १९१५ पासून झामितांनी तिथे उत्खनन केलं आणि सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचं मंदिर वर आलं. त्याच्या दगडांवर कोरलेली आहेत शेळ्यामेंढ्या आणि डुकरं, एकामागून एक चाललेली.

[दृश्य : इम्जार गाव. बटाट्याची काढणी. मागे चर्चचा घुमट.]

इम्जार हे शेतकऱ्यांचं गाव. समोरचं चर्च विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गावकऱ्यांनी बांधलं, त्यासाठी अंडी, कोंबड्या आणि शेतमाल विकून पैसा उभा केला. आज हे गाव स्ट्रॉबेरीसाठी ओळखलं जातं. या बेटांवर बटाटा थंडीच्या पावसावर वाढतो आणि वसंतात निघतो, उत्तर युरोपातली शेतं तयार होण्याआधी. त्यामुळे माल्टाचा बटाटा नेदरलँड्सला जातो. उन्हाळ्यात टोमॅटो, त्याचा घट्ट गर आटवून डब्यात भरतात. गोझोत मेंढीच्या दुधाचं छोटं गोल चीज, जबेयना. जेल्लेव्झा आणि गिर्गेन्तिना ही इथली स्वतःची द्राक्षं. गहूही पेरतात, पण तो जनावरांच्या चाऱ्यासाठी.

आणि हे सगळं एकत्र येतं ते फ्तिरामध्ये. फ्तिरा हा आंबवलेल्या पिठाचा चपटा पाव. मधून कापायचा, त्यावर टोमॅटो चोळायचा, ऑलिव्हचं तेल सोडायचं, केपर, ऑलिव्ह, असेल तर ट्यूना मासा. २०२० साली युनेस्कोने फ्तिराच्या परंपरेला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं. त्याचा गहू जहाजाने येतो, पण आतली चव इथल्या मातीची आहे.

[दृश्य : पहाट. ता-आलीचा घाऊक बाजार. क्रेट उतरवले जात आहेत.]

महायुद्धात इथे लढाऊ विमानांची धावपट्टी होती, आज भाजीचा घाऊक बाजार आहे. पिटकालिया. शेतकरी माल आणून टाकतो, विकतो पिटकाल, म्हणजे अडत्या. तो टक्केवारीने आपली अडत कापून घेतो आणि उरलेले पैसे शेतकऱ्याला देतो. माल कितीला गेला, कुणी घेतला, हे शेतकऱ्याला नीट कळत नाही ही जुनी तक्रार आहे. लासलगाव किंवा वाशीच्या बाजारात उभं राहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

१ मे २००४ रोजी माल्टा युरोपीय संघात गेला. तोवर बाहेरच्या भाजीवर आयात कर होता, तो गेला. सिसिलीहून रातोरात ट्रक बोटीवर चढू लागले. तिथली शेतं मोठी, खर्च कमी. त्या भावाशी अकरा गुंठ्यांची पट्टी स्पर्धा करू शकत नाही. युरोपचं अनुदान मिळतं, पण ते बहुतांशी क्षेत्रावर असतं आणि इथे क्षेत्रच नाही.

[दृश्य : शेताच्या तुकड्यावर नवं लोखंडी फाटक. आत पोहण्याचा तलाव आणि बार्बेक्यूची चूल.]

सध्या सगळ्यात मोठा घोर आहे कुळांचा. १९६७ च्या कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण दिलं. खंड नाममात्र राहिला, जमीन बापाकडून मुलाकडे कसायला येत राहिली. अलीकडच्या वर्षांत जमीनमालक न्यायालयात गेले. न्यायालयांनी त्यांचं म्हणणं मान्य केलं, कारण इतका कमी खंड हा मालकाच्या हक्कावर घाला आहे. मालकांची बाजूही समजण्यासारखी आहे. पण इमारतींनी गजबजलेल्या देशात मोकळ्या तुकड्याला शेतकरी सोडून बाकी सगळे गिऱ्हाईक आहेत. कुणाला सुट्टीच्या दिवशी बसायला जागा हवी, कुणाला घोडा बांधायला. त्यांच्या भावाने खंड ठरला तर बटाटा लावणारा टिकत नाही.

तरुण शेतकऱ्यांची मागणी साधी आहे. या जमिनीत काय आणि किती पिकतं, यावरून खंड ठरवा, आणि जो खरोखर कसतो त्यालाच शेतजमीन घेऊ द्या. मला ही मागणी रास्त वाटते. पुढच्या वर्षी जमीन आपल्याकडे असेल की नाही हेच ज्याला ठाऊक नाही, तो ढासळलेला गडगा स्वतःच्या खर्चाने रचत नाही, नवी ऑलिव्हची रोपं लावत नाही, ठिबकच्या नळ्या अंथरत नाही. या बेटावर चाळिशीच्या आतले शेतकरी आधीच थोडे आहेत. निदान त्यांना तरी दीर्घ मुदतीचा करार लेखी मिळाला पाहिजे.