तबकडीची दुसरी बाजू

मंडळी, पत्रिकेत आजचा विषय 'जुनी आफ्रिकी गाणी: वाटायची कशी, हक्क कुणाचा' असा छापलाय. हक्कांवर येतोच. पण आधी तबकडीबद्दल बोलू द्या. जी गाणी आपण लोकांत वाटतोय तीच अर्धवट असतील, तर हक्क ठरवायचा कशावर?

सुरुवात आपल्या मुंबईपासून करू. 1928 साली सिती बिंती साद नावाची गायिका झांजिबारहून मुंबईला आली आणि एचएमव्हीसाठी स्वाहिली गाणी मुद्रित करून गेली. हे आधीपासून माहीत होतं अशांनी हात वर करा. चार. बरं, पुढच्या वेळी चाळीस होतील. सिती गुलामांच्या वंशातली. गाण्यात नाव होण्याआधी मातीची भांडी विकायची. झांजिबारच्या दरबारात तआरब ही तिथली गायनशैली अरबीत गायली जाई. सितीने ती साध्या लोकांच्या स्वाहिलीत आणली, आणि त्या तबकड्या साऱ्या किनाऱ्यावर वाजल्या. पूर्व आफ्रिकेच्या लोकप्रिय संगीताचा असा मोठा दस्तऐवज आपल्या शहरात तयार झाला! शिवाय त्या काळच्या तबकड्या लाखेच्या, आणि जगाला लाख पुरवत होता प्रामुख्याने हिंदुस्थान. कुणाच्या माळ्यावर जुन्या रेकॉर्डींची पेटी असेल, तर न समजणाऱ्या भाषेतली म्हणून एकही भंगारात देऊ नका.

आता अशी तबकडी हाती आली, तर काय? पहिलं, अल्कोहोल लावायचं नाही. विनाइलच्या, म्हणजे नंतरच्या प्लास्टिकच्या तबकड्यांना चालतं, लाख त्यात विरघळते. ऊर्ध्वपातित पाणी, त्यात सौम्य साबणाचे दोन-चार थेंब, मऊ ब्रश, आणि हात खाचांच्या दिशेने गोल. लेबल कोरडं ठेवायचं. भिजत घालायचं नाही, कारण काही तबकड्यांच्या पोटात कागदाचा थर असतो. कडेच्या चिरेतून पाणी शिरलं की त्या फुगतात. दुसरं, सुई. एलपीची सुई 25 मायक्रॉनच्या आतली. ती जुन्या रुंद खाचेच्या तळाशी जाऊन कचरा वाजवते. 78साठी, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या या जुन्या तबकड्यांसाठी, 75 मायक्रॉनच्या आसपासची घ्या. तबकडी फार झिजलेली असेल तर थोडी जाड किंवा थोडी बारीक सुई लावून बघा. जड पिनांनी खाचेचा एक पट्टा झिजवलेला असतो, त्याच्या वर किंवा खाली भिंत शाबूत सापडते.

तिसरी गोष्ट गतीची. लेबलवर 78 लिहिलं म्हणून मुद्रणही 78लाच झालं असेल असं नाही, विशेषतः 1930च्या आधीचं. 78च्या तबकडीला 82-83ने फिरवलं की काळी एकचं गाणं पांढरी दोनमध्ये जातं. गायिकेचं वय बदलतं, लय बदलते, आणि इंटरनेटवरची पुढची पिढी तेच खरं मानते. म्हणून गती ठरवल्यावर ती लिहून ठेवा. संगणकावर उतरवताना 96 किलोहर्ट्झ, 24 बिट, वेव्ह फाइल. गाणं मोनो असलं तरी दोन्ही चॅनेल घ्या, कारण खाचेच्या दोन भिंती सारख्या झिजत नाहीत. खरखर काढायची ती नंतर, प्रतीवर. मूळ फाइलवर एकदा नॉइज रिडक्शन फिरवलं की कंजिऱ्याची झांज खरखरीबरोबरच जाते आणि परत येत नाही.

आता माझ्या खऱ्या तक्रारीकडे येतो. 1960-70च्या दशकांतल्या 45 फेऱ्यांच्या छोट्या तबकड्या घ्या: काँगोची रुंबा, केनियाची बेंगा, दोन्ही गिटारीवरच्या नाचाच्या शैली. मोम्बासाचं असनंद अँड सन्स, केरिचोचं चंदाराणा, या भारतीय वंशाच्या दुकानदारांनी स्वतःची लेबलं काढून ही गाणी छापली. त्यांतली असंख्य गाणी दोन बाजूंवर विभागलेली आहेत, भाग 1 आणि भाग 2. पहिल्या बाजूवर कडवी. रुंबात गिटारी मोकळ्या सुटतात तो सेबेन, ज्यासाठी लोक नाचायला उठत, तो बहुधा दुसऱ्या बाजूवर. आणि वाटणारे काय वाटतात? पहिली बाजू! तीही नुसत्या 'ट्रॅक 07' अशा नावाने. ही अर्धी मैफल झाली हो! दोन्ही बाजू वेगवेगळ्या फाइलींत ठेवा. जोडायचंच तर ऐकायच्या प्रतीत जोडा. लेबल 600 डीपीआयवर स्कॅन करा. संगीतकाराचं नाव बहुतेक वेळा तिथे, कंसात, बारीक अक्षरांत असतं आणि दुसरीकडे कुठेही नसतं. लेबल आणि खाचा यांच्यामधल्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांकही लिहा. लेबल फाटलं तरी तो टिकतो, आणि मुद्रणांचा क्रम त्यावरूनच लागतो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. हक्कांचं भरभर सांगतो.

दक्षिण आफ्रिकेत सॉलोमन लिंडाने 1939 साली 'म्बुबे' गायलं. हक्क दहा शिलिंगांत कंपनीकडे गेले, गाणं जगभर गाजलं, आणि 1962 साली लिंडा गरिबीत गेला. वारसांच्या दाव्यात तडजोड झाली ती 2006 साली. म्हणून 'जुनं आहे, कोण विचारतो' हे चालणार नाही. संगीतकाराचं नाव फाइलीला चिकटवल्याशिवाय वाटू नका. नाव असेल तरच वारस सापडतो. बाजारात अधिकृत पुनर्मुद्रण मिळत असेल, तर आपली प्रत काढून घ्या आणि लोकांना ते विकत घ्यायला सांगा. वारसांनी हरकत घेतली, तर त्याच दिवशी काढा.

आणि मूळ देशाला विसरू नका. गिनीच्या कोनाक्रीत सरकारी रेडिओच्या इमारतीवर 1985च्या बंडात मारा झाला. तिथला संग्रह गेला असंच बरेच जण समजत होते. ग्रॅम काउन्सेल या संशोधकाने तिथल्या फिती शोधल्या आणि ब्रिटिश लायब्ररीच्या एका प्रकल्पातून 9,410 गाणी डिजिटल केली. तीही तिथेच, कोनाक्रीत बसून. पुढे ती कुणालाही फुकट ऐकायला खुली केली गेली. आपणही मूळ फाइल, दोन्ही बाजू आणि लेबलचं स्कॅन यांची एक प्रत त्या त्या देशातल्या संग्रहाकडे पाठवायला हवी. प्रश्न असतील तर विचारा. तबकडी सोबत आणली असेल तर कडेने धरून पुढे घेऊन या.