दारावरची पाटी आणि स्क्रोल सॉचं पातं

श्रोतेहो, नमस्कार.

दारावरच्या पाटीवर काय लिहावं, हे पुणेकरांना शिकवायला कोणी जाऊ नये. ती पाटी लाकडात अक्षरं कापून घरच्या घरी कशी करता येते, एवढंच आज सांगणार आहे. त्यासाठी लागतो स्क्रोल सॉ.

स्क्रोल सॉ म्हणजे टेबलावर बसणारी, विजेवर चालणारी बारीक पात्याची करवत. सुताराच्या हातातला जिगसॉ लाकडावरून फिरतो. इथे करवत जागची हलत नाही, लाकूड आपण हाताने फिरवायचं. पातं वर आणि खाली अशा दोन्ही टोकांना पकडलेलं असतं आणि मिनिटाला साधारण 400 ते 1600 वेळा वरखाली होतं. दर वेळी ते जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर चालतं, म्हणून काम सावकाश होतं आणि म्हणूनच नाजूक वळणं घेता येतात.

मशीन घेताना दुकानदार 16 इंची, 20 इंची असं सांगतो. हे अंतर पात्यापासून मागच्या आधारापर्यंतचं. घरच्या पाट्या, देव्हाऱ्याच्या जाळ्या, खेळणी यांना 16 इंच पुरतात. त्यापेक्षा एक प्रश्न आधी विचारा: साधं, सपाट टोकाचं पातं यात बसतं का? काही स्वस्त मशीनमध्ये फक्त टोकाला आडवी पिन असलेली पाती चालतात. ती पिन आत घालायला जवळजवळ पाच मिलिमीटरचं भोक पाडावं लागतं. मग ‘क’च्या पोटात पातं घालायचं कुठून? असं मशीन घेऊ नये, कितीही सवलत असली तरी. वेग कमी-जास्त करता येणं ही दुसरी गरज. बाकी दिवा, फुंकणी वगैरे चांगलंच, पण नसलं तरी अडत नाही.

मशीनवर खर्च करायचा नसेल तर हाताचा फ्रेट सॉ घ्या. इंग्रजी यू आकाराची चौकट आणि तीच पाच इंची पाती. एका फळीला व्ही आकाराची खाच पाडून ती फळी टेबलाला क्लॅम्प करायची, लाकूड तिच्यावर धरायचं आणि पात्याचे दात खाली ठेवून करवत खाली ओढायची. सहा मिलिमीटर प्लायवर यानेही सुरेख काम होतं, फक्त खांदा दुखतो.

आता मुख्य विषय, पातं. काम बिघडलं की लोक मशीनला नावं ठेवतात. दहातल्या नऊ वेळा दोष पात्याचा, त्याच्या ताणाचा किंवा आपल्या ढकलण्याचा असतो.

पात्यांना नंबर असतात. 2/0 हे अगदी केसासारखं, मग 1, 3, 5, 7, 9 अशी रुंदी वाढत जाते. पाच नंबरचं पातं सुमारे एक मिलिमीटर रुंद आणि 0.4 मिलिमीटर जाड असतं. सुरुवातीला पाच नंबरचं डझन आणि तीन नंबरचं अर्धा डझन घ्या. शक्यतो रिव्हर्स टूथ घ्या. यात खालचे काही दात उलटे, वरच्या दिशेला असतात, त्यामुळे प्लायची खालची बाजू फाटत नाही. पातं बसवताना दात आपल्याकडे आणि खाली हवेत, आणि पातं सगळ्यात वर असताना उलटे दोन-तीन दात मशीनच्या टेबलाच्या, म्हणजे लाकूड टेकवायच्या सपाट भागाच्या, वर दिसायला हवेत. त्याहून खाली राहिले तर त्यांचा काही उपयोग होत नाही.

नव्या पात्यावर तेलाचा पातळ थर असतो. दोन्ही टोकं पॉलिश पेपरवर एकदा घासा, नाहीतर क्लॅम्पमधून पातं निसटतं आणि आपण स्क्रू आवळत बसतो. ताण किती द्यायचा? मधोमध बोटाने बाजूला दाबून पाहा. तीन मिलिमीटरहून जास्त हलत असेल तर सैल आहे. सैल पातं जाड लाकडात पोट काढतं: वरून रेघ बरोबर, खालून तिरकी. फार ताणलं तर तुटतं.

टेबलाशी काटकोन तपासायला लहान गुण्या लावा. आणखी खात्री हवी असेल तर दोन इंच जाडीच्या रद्दी तुकड्यात जरासा काप घ्या, मशीन थांबवा, तुकडा फिरवून मागून त्याच कापात पातं सरकवा. अलगद गेलं तर टेबल बरोबर आहे. अडलं तर टेबल थोडं कलतं करा आणि पुन्हा बघा. खाली लागलेल्या अंशांच्या पट्टीवर मात्र विश्वास ठेवू नका.

आणि एक गोष्ट नवख्याला हमखास बुचकळ्यात टाकते. सरळ ढकललं तरी काप एका अंगाला, बहुधा उजवीकडे, ओढला जातो. दात पाडताना पात्याच्या एका कडेला धातूची बारीक खरखर राहते, ती बाजू जास्त कापते. मशीन बिघडलेलं नसतं. लाकूड चार-पाच अंश तिरपं धरून ढकलायचं, तासाभरात हाताला सवय होते.

लाकूड घ्यायला भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला जा. पाटीला अख्खा आठ बाय चारचा प्लाय नकोच, कटपीस मागा. दार बाहेरच्या जिन्यात असेल तर मरीन प्लाय घ्या, आयएस 710 असा शिक्का बघून, जाडी नऊ मिलिमीटर. साध्या कमर्शियल प्लायच्या आत कधी कधी पोकळी असते. नेमकी ती नाजूक जागी आली की अक्षराचा पाय हातात येतो. विकत घेण्याआधी चारही कडा बघा. एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंची दाबून केलेली फळी, कापायला लोण्यासारखा, पण पाणी लागलं की फुगतो आणि त्याची धूळ फार बारीक असते. बाहेरच्या पाटीला तो नको.

भरीव लाकडात हळदू आणि शिवण या कामाला उत्तम: एकसारखं, मऊसर, कडा स्वच्छ येतात. सागवान दिसायला राजा, पण त्यात सिलिका असते, पातं लवकर बोथट होतं. शिसम घट्ट असतं, जळकी कड देतं. पॅकिंगच्या पाइनमध्ये एक पट्टी मऊ, एक कडक, त्यामुळे पातं भरकटतं.

आता अक्षरं. देवनागरीचा इथे मोठा फायदा आहे. रोमन अक्षरं सुटी असतात, कुठल्यातरी फळीवर चिकटवावी लागतात. आपली अक्षरं शिरोरेषेला लटकलेली, त्यामुळे ‘कुलकर्णी’ हे अख्खं आडनाव एकाच तुकड्यात निघतं. पण त्याच शिरोरेषेवर सगळा भार येतो. ‘ग’, ‘ण’, ‘श’ यांचे दोन भाग केवळ तिनेच जोडलेले असतात. भरीव लाकडात तंतू आडवे ठेवले तर शिरोरेषा मजबूत होते, पण प्रत्येक उभी दांडी तंतूंच्या आडवी येते आणि धक्क्याने काटकन तुटते. प्लायमध्ये थर एकमेकांना आडवे असल्याने ही अडचण येत नाही, म्हणून पहिली पाटी प्लायचीच करावी.

मापं सांगतो. ए-फोर कागदावर आडवं, 28 सेंटिमीटर लांबीत नाव बसवा. वेलांटी-उकारासकट उंची नऊ-दहा सेंटिमीटर. शिरोरेषा किमान दहा मिलिमीटर जाड, दांड्या आठ, दोन अक्षरांत चार मिलिमीटर जागा. बारीक-जाड फटकाऱ्यांचं सुलेखन टाळा, एकसारख्या जाडीचं ठळक वळण घ्या. उकार दांडीला नीट भिडलेला हवा. ‘देशपांडे’ करत असाल तर अनुस्वाराचा प्रश्न येतो, तो हवेत तरंगतो. एकतर तो शिरोरेषेपर्यंत उतरवून तीन मिलिमीटरच्या मानेने जोडा, नाहीतर पाटीमागे फळी देऊन वेगळा चिकटवा. मान केली तर ती आधी कागदावर काढा, कापताना सुचेल असं ठेवू नका.

प्लायवर आधी मास्किंग टेप लावा, त्यावर डिंकाच्या कांडीने कागद चिकटवा, वरून रुंद सेलोटेप. या सेलोटेपमुळे लाकूड जळणं खूप कमी होतं. कागद लेझर प्रिंटचा किंवा झेरॉक्स घ्या.

मग आतली भोकं. ‘क’च्या पोटात, ‘ण’च्या कप्प्यात, वेलांटीखाली, जिथे जिथे बंद जागा आहे तिथे दीड-दोन मिलिमीटरचं भोक पाडायचं, पडणाऱ्या भागात आणि कोपऱ्याजवळ. खाली रद्दी फळी ठेवा, आणि भोकाच्या खाली उठलेली कुसळं पॉलिश पेपरने काढा. ती राहिली तर प्लाय टेबलावर सपाट बसत नाही आणि उडतो. पातं वरच्या क्लॅम्पमधून सोडा, भोकातून ओवा, पुन्हा आवळा, ताण द्या. दर भोकाला हेच करायचं, कंटाळा येतोच. आतले सगळे भाग झाल्यावरच बाहेरची कड कापा. बाहेरची आधी कापली तर हातात धरायला काही उरत नाही.

कोपऱ्याची कृती जवळून पाहू. रेघेने कोपऱ्यापर्यंत या आणि ढकलणं थांबवा. पातं चालू राहू द्या. लाकूड किंचित आपल्याकडे ओढून पात्याची दात नसलेली पाठ मागच्या भिंतीला टेकवा, आणि त्या पाठीवर लाकूड एका झटक्यात फिरवा. दातांवर दाब ठेवून फिरवलं तर कोपऱ्यात गोल खड्डा पडतो. जमेपर्यंत दुसरा मार्ग आहे: कोपऱ्यापर्यंत एका बाजूने कापा, मागे या, पडणाऱ्या भागातून वळसा घेऊन दुसऱ्या बाजूने पुन्हा त्याच कोपऱ्याला या.

दाब फक्त समोर, आणि तोही हलका. बाजूला ढकललं की पातं वाकतं. कड काळी पडू लागली तर वेग कमी करा, आणि पातं बदलायची वेळ झाली का ते बघा. प्लायमधल्या गोंदामुळे पातं पाव ते अर्ध्या तासात बोथट होतं. पैसे वाचवण्यासाठी तेच रेटत राहिलं की आपण नकळत जोर लावतो, आणि मग ते मधेच तुटतं. क्लॅम्पजवळ तुटलं तर मात्र ताण जास्त होता किंवा पातं खूप वेळ चाललं होतं.

गणपतीच्या दिवसांत याच पद्धतीने मखराची जाळीही होते. 2018 मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून प्लायची मखरं बाजारात दिसतात. त्यातली बरीच लेझरने कापलेली असतात, जळक्या तपकिरी कडांवरून ओळखता येतात. करवतीची कड लाकडाच्याच रंगाची राहते. चार सारख्या बाजू हव्या असतील तर तीन मिलिमीटरचे चार प्लाय कडेने टेपने बांधून एकदमच कापा. तेव्हा पातं सात नंबरचं घ्या.

फ्लॅटमध्ये काम करणाऱ्यांसाठी: मशीनच्या आवाजापेक्षा टेबलाची थरथर खालच्या मजल्याला त्रास देते. पायांखाली जाड रबरी चटई घाला, आणि एक ते चार मशीन बंद ठेवा, हे पुण्यात वेगळं सांगायला नको. चष्मा आणि एन-95 मास्क लावा, मशीन छोटं आहे म्हणून टाळू नका. पावसाळ्यात टेबलावर मेण घासून ठेवलं की गंज धरत नाही आणि लाकूडही सुळकन सरकतं. पाती झाकणाच्या नळीत, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा.

कापून झालं की टेप काढा, 180 आणि मग 220 नंबरचा पॉलिश पेपर मारा, आतल्या कडांना पेपरची घडी किंवा सुईकानस. ब्रशने पॉलिश लावलं तर ते कोपऱ्यांत साचतं. जवसाचं उकळलेलं तेल (दुकानात ‘बॉइल्ड लिनसीड ऑइल’ म्हणून मिळतं, घरी उकळायचं नाही) पसरट ट्रेमध्ये ओतून पाटी त्यात बुडवा, दहा मिनिटांनी कापडाने पुसा. ते तेलकट कापड चुरगाळून कचऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. उलगडून मोकळ्या हवेत वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका.

तेल दोन-तीन दिवसांत वाळतं. बाहेर पावसाची झड लागत असेल तर त्यावर, पूर्ण वाळल्यानंतर, पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, पॉलिशचे दोन हात द्या, प्लायच्या कडांना तिसरा, कारण पाणी कडेतूनच शिरतं. भिंतीवर लावताना मागे सहा मिलिमीटरचे लाकडी ठोकळे द्या, म्हणजे मागून हवा खेळते आणि अक्षरांची सावली भिंतीवर पडते. स्क्रू शिरोरेषेत घ्या, पितळी घ्या आणि आधी भोक पाडून घ्या.