शाळेला सुट्टी, सामना संध्याकाळी सातला

(पहाटेचा अंधार. स्वयंपाकघरात एकच दिवा. ओट्यावर मोठ्या परातीत भिजवलेले पोहे.)

सकाळचे सहा वाजलेत. एरवी शुक्रवारी या वेळेला माझ्या मुलाच्या खोलीत गजर वाजतो. तो बंद करतो, पुन्हा वाजतो, आणि तिसऱ्यांदा मी जिन्याखालून हाक मारते. आज गजर लावलेला नाही. आज शाळेला सुट्टी आहे आणि संध्याकाळी सातला सामना आहे.

मी न्यू जर्सीत राहते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला इथल्या शिक्षक संघटनेचं अधिवेशन अटलांटिक सिटीत भरतं आणि त्या गुरुवारी-शुक्रवारी राज्यभरातल्या सरकारी शाळा बंद असतात. नेमके तेच दिवस हायस्कूल फुटबॉलच्या बाद फेरीचे. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू, डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर पॅड, शंभर यार्डांचं मैदान आणि बारा-बारा मिनिटांचे चार क्वार्टर. देशभरात दहा लाखांहून जास्त मुलं शाळेकडून हा खेळ खेळतात. त्यातला एक माझा. आत्ता तो वर पालथा झोपलाय, एक पाय पलंगाबाहेर.

(परातीतले पोहे हाताने मोकळे करताना. क्लोज-अप.)

हे चार किलो जाडे पोहे आहेत. कांदा, बटाटा, हळद, लिंबू. मिरची नावाला. दाणे अजिबात नाहीत, कारण संघातल्या एका मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. दाण्यांशिवाय फोडणी करताना हात अडखळतो, पण आता सवय झाली. नऊ वाजता हे दोन मोठे ट्रे शाळेच्या व्यायामशाळेत पोचले पाहिजेत. शाळा बंद असली तरी आज संघ सामन्यापर्यंत तिथेच एकत्र राहणार आहे.

हे सगळं का करायचं, ते सांगण्याआधी गेल्या वर्षीच्या याच शुक्रवारबद्दल सांगायला हवं.

गेल्या वर्षी मी त्याला झोपू दिलं. मला वाटलं, बिचारा आठवडाभर साडेसातच्या शाळेला जातो, संध्याकाळी सहापर्यंत सराव करतो, एक दिवस झोपला तर कुठे बिघडलं? मी कामावर गेले. तो साडेबाराला उठला. फ्रिजमधला आदल्या रात्रीचा गार पिझ्झा दोन तुकडे खाल्ला, मित्राबरोबर ऑनलाइन गेम खेळत बसला, आणि चार वाजता झोप उडावी म्हणून एक एनर्जी ड्रिंक प्यायला. पाण्याचा थेंब नाही. पाच वाजता मैदानावर. तिसऱ्या क्वार्टरमध्ये एकाला अडवून तो खाली पडला आणि उठलाच नाही. पोटरीत गोळा आला होता. दिव्यांच्या उजेडात त्याचा पाय थरथरताना मला स्टँडवरून दिसत होता. संघाच्या ट्रेनरबाईंनी त्याचा पाय ताणत पहिला प्रश्न विचारला तो दुखतंय का, असा नव्हता. त्यांनी विचारलं, आज काय खाल्लंस? त्याने सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. उरलेला सामना त्याने बाकावर बसून पाहिला, टॉवेल डोक्यावरून घेऊन.

गोळा यायला एकच कारण नसतं. थकवा असतो, पाणी कमी पडलेलं असतं, आणखीही काही. पण त्या प्रश्नाचं उत्तर मला माझ्याच फ्रिजसमोर उभं राहून द्यावं लागलं, आणि ते मी विसरलेले नाही.

(शाळेचा लांबच लांब कॉरिडॉर. रिकामा. लॉकरच्या रांगा.)

शाळेच्या दिवशी शुक्रवार कसा जातो ते बघा. सहाला उठणं. साडेसातला पहिला तास. मुलं त्या दिवशी संघाची जर्सी घालूनच वर्गात बसतात, त्यामुळे गणिताच्या तासालाही आज सामना आहे हे अंगावर असतं. एका वर्गातून दुसऱ्या वर्गात, जिना वर, जिना खाली, दिवसभर पाय हलते राहतात. ठरल्या वेळी कँटीनमध्ये जेवण. शेवटच्या तासाला बँड वाजतो, सगळी शाळा ओरडते. मग संघाचं जेवण, घोट्यांना टेप, पॅड, मैदान. अनेक शाळांत तर नियमच असतो की त्या दिवशी वर्गात हजर नसाल तर संध्याकाळी खेळायचं नाही. हा दिवस कोच आखत नाहीत, आईबापही आखत नाहीत. शाळेची घंटा आखते. सुट्टीच्या दिवशी ही घंटा नाहीशी होते आणि सतरा वर्षांच्या पोराच्या हातात बारा तास मोकळे येतात.

आणि शुक्रवारच का? त्याची मुळं जुनी आहेत, पण त्याला कायद्याचंही कुंपण आहे. १९६१ साली इथल्या केंद्र सरकारने व्यावसायिक फुटबॉल लीगला टीव्हीचे हक्क एकत्र विकायला परवानगी दिली, तेव्हा शाळा-कॉलेजांचे प्रेक्षक पळवले जाऊ नयेत म्हणून एक अट घातली. सप्टेंबर ते डिसेंबर या काळात, शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर, शाळेचा सामना चालू असलेल्या ठिकाणापासून ७५ मैलांच्या आतल्या टीव्ही केंद्रावरून मोठ्या लीगचा सामना दाखवला, तर ती सवलत लागू नाही. म्हणून शुक्रवारची रात्र शाळांची राहिली.

झोपेबद्दल माझं आणि कोचचं थोडं वाजलं होतं, तेही सांगते. या वयात शरीरातलं घड्याळ मुळातच पुढे सरकलेलं असतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरायला लागतं, म्हणून अकराच्या आत डोळा लागत नाही. झोप मात्र आठ ते दहा तास हवी असते. बालरोगतज्ज्ञांच्या अमेरिकन संघटनेने २०१४ सालीच सांगितलंय की हायस्कूल साडेआठच्या आधी भरवू नका. आमची भरते. तेव्हा सुट्टीच्या दिवशी मुलाला झोपू द्यावं हे माझं म्हणणं चुकीचं नव्हतं. चूक किती झोपू द्यावं यात होती. सहाऐवजी साडेबाराला उठलेल्या शरीराला संध्याकाळचे सात म्हणजे दिवसाचा मध्य वाटतो. बुधवारी रात्री दोनपर्यंत जागं राहिलं की गुरुवार सरकतो, गुरुवार सरकला की शुक्रवार आपोआप सरकतो. शेवटी आमचं ठरलं. दीड-दोन तास जास्त, त्याहून अधिक नाही.

(जिना. वरच्या खोलीचं दार.)

"ऊठ रे, आठ वाजले."

"आई, आज शाळा नाहीये."

"पोहे आहेत. ट्रे उचलायला ये."

तो येतो. डोळे अर्धे मिटलेले, पण येतो.

(गाडी. मागच्या सीटवर फॉइल लावलेले ट्रे. खिडकीबाहेर पिवळी पडलेली झाडं.)

जाताना दोन मुलांना घ्यायचंय. सुट्टीच्या दिवशी शाळेची बस येत नाही, ही गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. मोठ्या मुलांकडे गाड्या आहेत, पण न्यू जर्सीत सतरा वर्षांच्या नव्या चालकाला घरचं मोठं माणूस सोबत नसेल तर एकच प्रवासी नेता येतो. म्हणून पालकांनी रस्ते वाटून घेतलेत. माझ्या वाट्याला रेल्वे स्टेशनमागच्या इमारती आल्यात.

दुसरा मुलगा खालीच उभा असतो, फूटपाथवर, पॅडची बॅग पायाशी. दाराची बेल वाजवायची नाही असं त्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं. त्याची आई हॉस्पिटलात रात्रपाळी करते आणि सकाळी आठला येऊन झोपते. घरात आवाज नको म्हणून तो सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत कानात हेडफोन घालून पलंगावर पडून असतो. शाळेच्या दिवशी त्याचा नाश्ता आणि जेवण शाळेत होतं, मोफत. १९४६ सालापासून इथे शाळेतल्या जेवणासाठी केंद्राचा कायदा आहे, आणि फुटबॉल संघातली किती मुलं त्या ताटावर उभी आहेत हे शाळा बंद झाल्यावरच कळतं. शंभर किलोचा, सहा फुटी पोरगा. गेल्या वर्षी या शुक्रवारी सामन्यापर्यंत त्याच्या पोटात काय होतं ते कोणी विचारलंच नव्हतं. माझ्या मुलाला विचारलं, कारण तो पडला. हा पडला नाही.

मी हा कार्यक्रम चालावा म्हणून धडपडते ती त्याच्यासाठी, हे मला उघड सांगावंसं वाटतं. शिस्त वगैरे नंतर.

(व्यायामशाळा. लाकडी जमीन. भिंतीशी टेबलं, त्यावर बेगल, उकडलेली अंडी, केळी, पोह्यांचे ट्रे.)

साडेनऊ. पंचेचाळीस मुलं रांगेत. पोह्यांना त्यांनी पिवळा भात असं नाव दिलंय. पहिल्यांदा आणले तेव्हा प्रत्येकाने कोथिंबीर वेचून ताटाच्या कडेला ठेवली होती. आज तो मोठा पोरगा ट्रेच्या कोपऱ्यातले कुरकुरीत बटाटे शोधतोय. प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली, नाव लिहिलेली, आणि ती जेवणाआधी दोनदा भरायची. एनर्जी ड्रिंकला इथे बंदी आहे. मुलांच्या आहारात त्यांना जागाच नाही, असं बालरोगतज्ज्ञ २०११ पासून सांगत आलेत.

साडेदहाला मैदानावर वॉक-थ्रू. पॅड नाही, हेल्मेट नाही, धावणं नाही. प्रत्येक चाल चालत चालत करून बघायची. कोण कुठे उभा राहणार, चेंडू निघाल्यावर पहिलं पाऊल कोणतं. अर्ध्या-पाऊण तासात संपतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल की हा सरावच नव्हे. पण सामन्याच्या दिवशी पायांना एवढंच हवं असतं. मग अंधाऱ्या वर्गात समोरच्या संघाच्या सामन्याची फिल्म.

(व्यायामशाळा. दिवे मालवलेले. गाद्यांवर मुलं.)

यानंतरचे दोन तास सगळ्यात अवघड. बारा ते दोन. गेल्या वर्षी मुलं इथूनच फुटली असती. कोणी मॉलमध्ये, कोणी अंगणात बास्केटबॉल, कोणी पलंगावर. या वर्षी कोचनी कुस्तीच्या गाद्या पसरल्या, फोन एका टोपलीत गोळा केले आणि दिवे घालवले. झोपायचं असेल तर अर्धा तास, नाहीतर पत्ते. मला वाटलं होतं मुलं कुरकुर करतील. थोडी केलीही. मग पत्त्यांचा डाव रंगला, आणि चार-पाच जण खरोखर घोरायला लागले.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी एक गोष्ट झाली जी मी कॅमेऱ्यात पकडू शकले नाही, फक्त आवाज आला. रिकाम्या इमारतीत शाळा सुटल्याची घंटा वाजली. ती आपोआप वाजते, सुट्टीचं तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. गाद्यांवरची सगळी मुलं एकदम उठून बसली आणि बूट शोधायला लागली.

तीनला जेवण. सामन्याच्या आधी चार तास. टोमॅटो सॉसमधला पास्ता, भाजलेलं चिकन, ब्रेड. तेल-तूप-चीज कमी, कारण ते पोटात रेंगाळतं.

हे काही आमच्याच गावाचं दुखणं नाही. कोलोरॅडोत निम्म्याहून जास्त शालेय जिल्हे आठवड्याला चारच दिवस शाळा भरवतात. जिथे शुक्रवारी शाळा नसते, तिथे सामन्याचा प्रत्येक शुक्रवार असाच. टेक्सासमध्ये थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या मोठ्या सुट्टीच्या, सकाळी सराव करायला मिळणं हा मान समजतात, कारण त्याचा अर्थ तुमचा संघ अजून स्पर्धेत आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये नीडहॅम आणि वेलस्ली या दोन गावांच्या शाळा १८८२ पासून एकमेकींशी खेळतात, तोही सुट्टीचाच सामना, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी सकाळी. आणि २०२४ साली न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांना दिवाळीची पहिली सुट्टी मिळाली ती १ नोव्हेंबरला. शुक्रवारीच. ते वाचून मला माझं सोलापूरचं घर आठवलं. आमच्याकडे वर्षातली सगळ्यात मोठी सुट्टी म्हणजे अंधारात उठण्याचा दिवस होता. तेल, उटणं, बंबातलं पाणी, आणि उशिरा उठलेल्याला चिडवायला भावंडं टपलेली. घंटा नव्हती, पण सगळं घर जागं असायचं.

(मैदान. दिवे. बँडचा आवाज. पांढऱ्या टेपने बांधलेले घोटे.)

किकऑफ. थंडी पडलीय, मुलांच्या हेल्मेटमधून वाफ निघतेय. तिसऱ्या क्वार्टरमध्ये मी सामना बघत नव्हते, एक पोटरी बघत होते. माझा मुलगा प्रत्येक चालीनंतर उठला. सामना आम्ही सात गुणांनी हरलो. हंगाम संपला. शेवटच्या वर्षातली मुलं मैदानावरच गुडघे टेकून रडली. त्यांच्यातला कोणीही थकल्यामुळे बाहेर आला नव्हता.

(रात्र. गाडी. मागच्या सीटवर दोन डोकी काचेला टेकलेली.)

सव्वादहाला आम्ही रेल्वे स्टेशनमागे पोचलो. तिसऱ्या मजल्यावरची खिडकी अंधारी होती, त्याची आई कामावर गेली होती. मी मागून डबा काढला. सकाळीच त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवलेले पोहे, कडेचे बटाटे जास्त घालून. त्याने तो जर्सीखाली छातीशी धरला आणि पायऱ्या चढून गेला. वरचा दिवा लागेपर्यंत मी गाडी चालू केली नाही.