झाडूच्या दांड्यावर गुंडाळलेला अर्ज

१८९३ सालची गोष्ट. न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टनच्या संसदेत माजी पंतप्रधान सर जॉन हॉल उभे राहिले. हातात कागदाचं जाडजूड भेंडोळं होतं, बायकांना मताचा हक्क मागणारा अर्ज. सभागृहाच्या मधल्या वाटेवर त्यांनी ते उलगडत सोडलं. कागद घरंगळत गेला आणि भेंडोळं पलीकडच्या भिंतीवर जाऊन धाडकन आदळलं. आत जो लाकडी दांडा होता, तो झाडूचा होता.

ज्या बाईनं हा कागद त्या दांड्यावर गुंडाळला, तिच्याविषयी आज मला बोलायचंय. केट शेपर्ड तिचं नाव.

केटचा जन्म लिव्हरपूलचा. वडील लवकर वारले. १८६९ साली आई आणि भावंडांबरोबर ती न्यूझीलंडला आली, लिटलटन बंदरात उतरली आणि जवळच्याच क्राइस्टचर्चमध्ये राहिली. पुढं वॉल्टर शेपर्ड या व्यापाऱ्याशी लग्न झालं, मुलगा झाला. चारचौघींसारखा संसार सुरू होता. १८८५ मध्ये अमेरिकेहून मेरी लेविट आल्या आणि त्यांच्या प्रेरणेनं तिथं दारूबंदीचं काम करणाऱ्या ख्रिस्ती स्त्रियांची संघटना उभी राहिली. याच संघटनेच्या अमेरिकेतल्या नेत्या फ्रान्सिस विलार्ड यांच्याशी आपल्या पंडिता रमाबाईंचाही स्नेह होता. नवरा पगार गुत्त्यात उडवतो आणि मुलं उपाशी झोपतात, हे दुःख क्राइस्टचर्चचंही होतं आणि पुण्याचंही. केट या कामात शिरली आणि तिच्या एक गोष्ट लक्षात आली. बायकांनी कितीही अर्ज दिले तरी आमदार ते बाजूला सारतात, कारण या अर्जदारांना मतच नाही. १८८७ पासून संघटनेतलं मताधिकाराचं खातं तिनं आपल्याकडे घेतलं.

आणि मग सह्या. १८९१ मध्ये नऊ हजारांवर झाल्या. कायदा झाला नाही. १८९२ मध्ये वीस हजारांच्या घरात गेल्या. तरी नाही. १८९३ मध्ये जवळजवळ ३२ हजार!

हे आकडे मी तुम्हाला पटकन सांगितले, पण इथं जरा थांबायला हवं. मी आमच्या वॉर्डात पाण्याच्या अर्जावर सह्या गोळा करत फिरले आहे. दार उघडतं, बाई सगळं ऐकून घेते, मान डोलावते आणि म्हणते, "ह्यांना विचारून सांगते." म्हणजे त्या दारी पुन्हा एकदा जायचं. एका सहीला दोन-तीन खेपा. आता हेच टेलिफोन नसलेल्या घरांत करायचं, मैल मैल अंतरावरच्या शेतवाड्यांवर करायचं. आधीच्या वर्षी हजारो सह्या वाया गेल्यात हे ठाऊक असताना करायचं. दारूवाल्यांच्या बाजूचे लोकही गप्प नव्हते. डनीडिनचे आमदार हेन्री फिश यांनी पैसे देऊन उलट अर्जावर सह्या करवल्या होत्या. केटच्या बायकांकडे पैसे नव्हते. त्यांच्याकडे होते ते पाय आणि चिकाटी.

गावोगावचे पाचशेहून अधिक कागद क्राइस्टचर्चला केटच्या घरी आले. तिनं ते एकाखाली एक चिकटवले. लांबी भरली २७० मीटरहून जास्त. ते गुंडाळायला घरातलीच वस्तू हाताशी आली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पंतप्रधान सेडन यांचा कायद्याला मनातून विरोध होता. वरिष्ठ सभागृह विधेयक पाडेल या भरवशावर ते होते. तसं होईना, तेव्हा त्यांनी एका सदस्याला तार करून मत फिरवायला लावलं. या ढवळाढवळीनं विरोधातलेच दोन सदस्य इतके संतापले की त्यांनी विधेयकाच्या बाजूनं मत दिलं. २० विरुद्ध १८! १९ सप्टेंबरला गव्हर्नरची सही झाली. गोऱ्यांबरोबर माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी, स्त्रियांनाही मत मिळालं. संसदेच्या निवडणुकीत सगळ्या प्रौढ स्त्रियांना मत देणारा हा जगातला पहिला स्वतंत्र कारभाराचा देश. आपल्या मुंबई इलाख्यात स्त्रियांना मत मिळालं ते १९२१ मध्ये, तेही मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या थोड्याजणींना.

केट मात्र सत्कार घेत बसली नाही. निवडणूक २८ नोव्हेंबरला होती, हातात दहाच आठवडे. यादीत नाव नाही तर मत नाही. त्याच बायका पुन्हा दारोदार निघाल्या, या वेळी नावनोंदणीसाठी. १,०९,४६१ स्त्रियांची नावं लागली आणि ९० हजारांहून जास्त जणींनी मत दिलं. बायका घराबाहेर पडणारच नाहीत असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांना हे उत्तर होतं.

निवडणुकीला उभं राहायचा हक्क मात्र १९१९ पर्यंत मिळाला नाही, आणि त्यानंतरही एकही स्त्री निवडून येईना. अखेर सप्टेंबर १९३३ मध्ये एलिझाबेथ मॅककोम्ब्ज पोटनिवडणूक जिंकून संसदेत गेल्या. मतदारसंघ होता लिटलटन, केट जहाजातून उतरली ते बंदर. तेव्हा ती पंचाऐंशीच्या घरात होती. नवरा, मुलगा, एकुलती एक नात, सगळे तिच्या आधी गेले होते. ही बातमी तिच्या हयातीत आली. दहा महिन्यांनी, १३ जुलै १९३४ ला, क्राइस्टचर्चमध्येच ती वारली.