फस-फस कुठून येतंय? आळेफाट्यावर एका पिकअपचं निदान

(बॉनेट बंद, इंजिन चालू. सुरुवातीला निवेदन नाही, फक्त आवाज.)

ऐकलं का? डिझेलच्या नेहमीच्या खडखडाटामागे एक बारीक फस-फस चाललंय, मधेच चक-चक पण वाटतं. इअरफोन असेल तर लावा, कारण हा सगळा व्हिडिओ त्या एका आवाजाचा आहे.

ठिकाण आळेफाटा. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन हायवे इथे एकमेकांना कापतात, त्यामुळे नारायणगावचा टोमॅटो घेऊन मुंबईच्या बाजूला जाणाऱ्या बऱ्याच गाड्या इथूनच वळतात. ही पिकअप पण त्यातलीच. दीड टन माल, म्हणजे २० किलोचे ७५ क्रेट, भरून माळशेज उतरायचा, वाशीला खाली करायचं आणि रिकामे क्रेट घेऊन घाट चढून परत यायचं. आवाज पहिल्यांदा चढावर जाणवला. सपाटीला कमी, चढाला लागली की जास्त, आणि केबिनमध्ये धुराचा वास.

मालकाने गाडी आधी एका ठिकाणी दाखवली होती, तिथे बॉनेट उघडून दोन मिनिटात सांगितलं की खालचं बेरिंग, म्हणजे क्रँक या इंजिनच्या मुख्य दांड्याचं बेरिंग, गेलंय, इंजिन बांधावं लागेल, म्हणजे सगळं खोलून परत जोडावं लागेल. इंजिन बांधायचं म्हणजे ऐन सीझनमध्ये गाडी आठ-पंधरा दिवस उभी, आणि खर्च तर विचारूच नका.

(मालक आणि मिस्त्री, बॉनेटपाशी.)

"मामा, खालचं बेरिंग गेलं म्हणतात."
"कोण म्हणतं? आवाज ऐकला का त्यांनी?"

या मिस्त्रींना इथे सगळेच मामा म्हणतात. त्यांनी पहिलं काय केलं बघा, पाना हातात घेतलाच नाही. डिपस्टिक काढली, ऑइलचा थेंब दोन बोटात चोळला आणि उन्हात धरला. बेरिंग झिजत असेल तर ऑइलमध्ये धातूची चमक दिसू शकते. इथे ऑइल काळं आहे, डिझेलचं असतंच, पण चमक नाही. नुसत्या चमकेवरून बेरिंग चांगलं आहे असं म्हणता येत नाही, पण इंजिन खोलायची घाई करू नका एवढं तरी नक्की कळतं.

मग इंजिन रेस करून एकदम सोडलं. खालचं बेरिंग गेलेलं असेल तर रेस सोडताना खोल, जड ठक-ठक येते, हातोडी बोथट लागल्यासारखी, आणि ती पायापाशी जाणवते. इथे तसं काही नाही. आवाज हलका आहे, वरून येतोय आणि त्यात हवा आहे. हवा आहे हे शब्द मामांचेच, आणि पुढचं सगळं काम त्या दोन शब्दांवर झालं.

(फॅन बेल्ट उतरवताना, जवळून.)

आता बेल्ट. ही टेस्ट कोणीही समजून घ्यावी अशी आहे. इंजिनच्या पुढच्या बाजूला अल्टरनेटर, वॉटर पंप, टेन्शनरची पुली, सगळे बेल्टवर फिरतात आणि यातल्या कुठल्याही बेरिंगचा आवाज आतून आल्यासारखा वाटतो. मग बेल्टच काढून टाकायचा आणि इंजिन चालू करायचं. आवाज गेला तर दुखणं बाहेर आहे, इंजिनला हात लावायची गरज नाही. फक्त मिनिटभरच चालवायचं, कारण वॉटर पंप बंद असतो आणि पाणी फिरत नाही.

बेल्ट निघाला. आवाज तसाच. म्हणजे पुढची सगळी मंडळी सुटली. बेल्ट परत चढवला.

(लांब स्क्रू ड्रायव्हर, मुठीचं टोक कानाला.)

हा शॉट आम्ही मुद्दाम लांब ठेवलाय. मामांच्या हातात हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर आहे, टोक इंजिनला, मूठ कानामागच्या हाडाला. डॉक्टरच्या स्टेथोस्कोपचंच काम. खाली ऑइलच्या चेंबरला लावला, शांत. ब्लॉकला लावला, नेहमीचं. टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे भाग, त्यांच्या कव्हरला लावला, तिथे टिक-टिक आहे पण ती एकसारखी आहे. त्यांना हलवणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे टॅपेटची लय वेगळी कळते, अर्थात ऐकून ऐकून कान तयार झाला असेल तर. मग हेडवर, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणावर, तिसऱ्या इंजेक्टरच्या बाजूला. इंजेक्टर म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा. इथे मामांचा चेहरा बघा.

(निवेदन नाही.)

एक सांगायचं राहिलं, हे करताना गमछा गळ्यातून काढून ठेवलाय आणि बाह्या वर आहेत. चालू इंजिनात पंखा आणि बेल्ट शेजारीच असतात, कपडा अडकला तर हात काढायला वेळ मिळत नाही.

आता खात्री करायची. चार सिलिंडरचं फोर स्ट्रोक इंजिन, आयडलिंगला ८०० फेरे धरले तर एक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा पेटतो, म्हणजे सेकंदाला साडेसहाच्या आसपास. आवाज त्याच लयीत आहे, तेव्हा तो एकाच सिलिंडरचा असावा असा संशय. मग एकेक सिलिंडर बंद करून बघायचा. जुन्या पंपाच्या गाड्यांना मिस्त्री लोक इंजेक्टरच्या पाइपचा नट सैल करायचे, तेवढा सिलिंडर मरायचा. ही सवय अजून कित्येकांच्या हातात आहे आणि कॉमन रेलवाल्या गाडीत, म्हणजे जिथे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जबर दाबाचं डिझेल जातं, ती जीवघेणी आहे. ही गाडी तशीच आहे. या पाइपातला दाब लोडवर १,००० बारच्या वर जातो. तुमच्या पिकअपच्या मागच्या टायरात साधारण चार-साडेचार बार असतो, त्यावरून अंदाज करा. एवढ्या दाबाची डिझेलची धार कातडीतून आत घुसते, जखम टाचणीएवढी दिसते आणि आतून हात सडतो. कृपा करून पाइप सैल करू नका.

मामा काय करतात? इंजिन बंद, एका इंजेक्टरचं सॉकेट काढलं, इंजिन चालू, ऐकलं, परत बंद, सॉकेट लावलं, पुढचं काढलं. किचकट आहे पण बरोबर आहे. डॅशबोर्डवर लाइट लागते, ती नंतर स्कॅनरने काढता येते. पहिला, दुसरा, चौथा बंद केला तर गाडी हलते पण फस-फस चालूच. तिसऱ्याचं सॉकेट काढलं आणि फस-फस एकदम बसली.

इथे एक गोष्ट समजून घ्या, सिलिंडर बंद केल्यावर बेरिंगचा ठोका पण कमी होतो. म्हणजे या टेस्टने सिलिंडर कळला, आजार कळला नाही. पहिल्या ठिकाणी बहुतेक इथेच गल्लत झाली असणार, की तिथपर्यंत गेलेच नाहीत, आम्ही विचारायला गेलो नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लीक असेल तरी असंच फसफसतं, पण तो बऱ्याचदा इंजिन तापल्यावर कमी होतो, लोखंड फुगून फट मिटते. इथे गाडी तापली तरी आवाज तोच.

(साबणाचं पाणी, इंजेक्टरच्या मुळाशी. सर्वात जवळचा शॉट.)

आणि हे बघा. मामांनी साबणाचं पाणी तिसऱ्या इंजेक्टरच्या मुळाशी सोडलं. बुडबुडे. आवाजाच्या लयीत येणारे बुडबुडे. सिलिंडरमधला जळका गॅस इंजेक्टरच्या बाजूने वर येतोय. इंजेक्टरच्या खाली बूड धरून बसलेला तांब्याचा वॉशर असतो, तो गेलाय. कडेला डांबरासारखा घट्ट काळा थर दिसतोय ना, तो त्याच गॅसचा कार्बन, आणि केबिनमधला वास पण त्याचाच.

इंजिन बांधायची गरज नाही. तांब्याचा वॉशर बदलायचाय.

इंजेक्टर मात्र सहज निघत नाही. कार्बनने तो हेडला धरून ठेवलेला असतो, वरून ठोकला तर मोडतो. म्हणून गंज सोडवायचं तेल सोडून रात्रभर भिजत ठेवला, सकाळी थोडा इकडे, थोडा तिकडे असा फिरवत फिरवत पुलरने ओढला. त्याच्या आधी चारही इंजेक्टरवर रंगाने नंबर टाकले, कारण प्रत्येकाचा कोड गाडीच्या कंप्युटरमध्ये त्या त्या सिलिंडरला भरलेला असतो, अदलाबदल चालत नाही.

(जुना वॉशर तळहातावर.)

कडा खाल्लेली दिसतेय. जुना वॉशर खाली चिकटून राहिला आणि वर नवीन टाकला तर इंजेक्टर वर उचलला जातो, तेव्हा जुना निघालाय हे बघूनच पुढे जायचं. वॉशर बसतो ती बैठक कटरने साफ केली, कटरला ग्रीस लावून, म्हणजे कचरा त्यात चिकटतो आणि सिलिंडरमध्ये पडत नाही. नवीन वॉशर, नवीन बोल्ट, टॉर्क पान्याने मापून. बाकीच्या तिन्हींचे वॉशर पण बदलले, उघडलंच आहे तर. हे असंच चालू ठेवलं असतं तर बैठक जळली असती, इंजेक्टर गेला असता, काही इंजिनात हा कार्बन ऑइलमध्ये जाऊन ऑइल ओढायची जाळी चोक करतो आणि मग खरंच बेरिंग जातं.

हातपंपाने हवा काढली, सेल्फ मारला.

(फक्त इंजिनचा आवाज.)

परत साबणाचं पाणी. बुडबुडा नाही. मालकाचे दोन बाजार बुडाले. मामांनी सांगितलंय, आठवड्याने गाडी घेऊन ये, परत पाणी टाकून बघू, तोपर्यंत केबिनमध्ये वास आला तर आधी ये.