प्लायच्या रेषा

सर्फबोर्डच्या तळाला, शेपटीकडे बसणाऱ्या फिनची जोडी बनवायचीय. टेबलावर अर्धा इंच जाडीचा मरीन प्लाय आहे आणि पुठ्ठ्याचा साचा. बूड ९ इंच, उंची जेमतेम ५. डॉल्फिनच्या पाठीवरच्या परासारखी ऐटीत मागे झुकलेली फिन डोळ्यांसमोर असेल, तर ती विसरा. ही बसकी नि रुंद. जहाजाच्या तळाच्या कण्याला कील म्हणतात, तेच नाव हिला पडलं.

१९६७ मध्ये सॅन डिएगोत स्टीव्ह लिसने गुडघे टेकून लाटेवर जाण्यासाठी आखूड, रुंद बोर्ड बनवला. शेपूट माशासारखी दुभंगलेली, प्रत्येक टोकाला एक कील. म्हणून तो फिश. उभं राहून सर्फिंग करणाऱ्यांनी तो नंतर उचलला. १९७२ ची जागतिक स्पर्धा सॅन डिएगोतच झाली आणि जिमी ब्लेअर्सने ती फिशवर जिंकली.

लांब बुडाची फिन बोर्डला सरळ धावायला लावते. वेग मिळतो, वळणं मात्र ऐसपैस. जागच्या जागी गर्रकन फिरायचं असेल, तर हिच्या वाटेला जाऊ नका.

साचा आखून प्लाय कापला, आता घासायचं. आतली बाजू सपाटच ठेवायची, सगळी गोलाई बाहेरून. पुढची कड गोलसर, त्यामागे थोड्या अंतरावर सर्वांत जास्त जाडी, मग मागच्या कडेपर्यंत निमुळतं. ग्राइंडरने ढोबळ आकार येतो. पुढचं काम पॉलिश पेपरचं.

इथे जवळून बघा. प्लायचा एकेक थर उघडा पडतोय, एक फिकट, एक गडद. शाळेतल्या भूगोलाच्या नकाशावरच्या समोच्च रेषाच. रेषा दाटल्या तिथे उतार तीव्र. मध्येच एखादी आत वळली, तर तिथे हात जास्त चाललाय. नुसत्या फायबरग्लासमध्ये ही चूक इतक्या सहज दिसत नाही. म्हणून पहिली जोडी प्लायचीच करावी, असं माझं ठाम मत.

भिंतीवर लटकतेय ती माझी पहिली जोडी. रेषा अगदी सुरेख आल्यात. फक्त दोन्ही फिन डाव्या आहेत!

तेव्हापासून आधी पेन्सिलीने ‘आत’ लिहून ठेवतो. घासून झालं की दोन्ही सपाट बाजू एकमेकींना चिकटवून धरायच्या आणि कडेवरून अंगठा फिरवायचा. कुठे अडला नाही, की रेझिन कालवायला घ्यायचं.