कपाळाआडचा ऑक्सिजन

(दृश्य : परळ. ऑपरेशन थिएटर. भूल दिलेल्या पेशंटच्या कपाळावर, भुवयांच्या वर, डावी-उजवीकडे एकेक चिकटपट्टी.)

थोड्याच वेळात यांचं हृदय थांबवलं जाईल. रक्त फिरवायचं काम हार्ट-लंग मशीन करेल. अशा वेळी बोटावरचा ऑक्सिमीटर कामातून जातो. तो चालतो नाडीच्या ठोक्यावर आणि मशीनचा पंप बहुधा रक्त सलग ढकलत राहतो, ठोकाच उरत नाही. मेंदूला मात्र खंड चालत नाही. शरीराच्या वजनात त्याचा वाटा जेमतेम २ टक्के, पण विश्रांतीत शरीर जेवढा ऑक्सिजन वापरतं त्यातला २० टक्के एकटा मेंदू घेतो. त्याच्याजवळ शिल्लक काहीच नसते.

(दृश्य : मॉनिटर. डावीकडे ६७, उजवीकडे ६८.)

हे आकडे त्या पट्ट्यांचे, मेंदूतल्या रक्तात ऑक्सिजन किती ते सांगणारे. पट्टीतून लाल रंगापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश आत सोडतात. ऑक्सिजन घेतलेलं आणि ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन हा प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. त्यावरून किती टक्के हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन आहे, ते कळतं. कवटी न उघडता हे मोजता येतं, असं १९७७ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या फ्रान्स योब्सिस यांनी दाखवून दिलं. प्रकाश आत शिरतो आणि केळ्यासारखी वक्र वाट धरून तीन-चार सेंटिमीटरवर पुन्हा बाहेर येतो. वाटेत मेंदूचा वरचा थर लागतो, तेवढाच. खोलवर काय चाललंय, ते या पट्टीला कळत नाही.

(दृश्य : डावा आकडा. ६१. ५६. ५२.)

"डावी बाजू पडतेय. मान वळली का बघा."

भूलतज्ज्ञ डोकं सरळ करतात. हार्ट-लंग मशीन चालवणारे परफ्युजनिस्ट पंपाचा फ्लो वाढवतात. सर्जनचं बोट महारोहिणीतल्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीतल्या, मशीनच्या नळीवर, ती जागची हलली तर नाही ना? ५५. ६०. ६४. मूळ आकड्यापेक्षा पाचव्या हिश्शाने घसरण झाली की हालचाल करायची, असा सर्वसाधारण संकेत आहे.

६७ म्हणजे कमी, असं वाटेल. कोविडमध्ये 'सॅच्युरेशन किती?' हा प्रश्न मुंबईच्या घराघरात पोचला आणि ९४ च्या खालच्या आकड्याची धास्ती आपल्या मनात बसली. पण बोटावर धमनीतलं रक्त मोजतात. कपाळावरच्या आकड्यात जास्त वाटा शिरांमधल्या, ऑक्सिजन देऊन परतणाऱ्या रक्ताचा असतो. तिथे ६० ते ८० म्हणजे ठीक. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, बाळाच्या कपाळावर ही पट्टी दिसली आणि आकडा बघून धस्स झालं, तर आधी नर्सना विचारा, तो आकडा कशाचा आहे.

(दृश्य : पट्टीचा क्लोज-अप. दोन डिटेक्टर.)

खरी अडचण त्वचेचीच. मेंदूकडे जाताना आणि परतताना प्रकाशाला ती ओलांडावी लागते आणि तिच्यातही रक्त असतंच. म्हणून दोन डिटेक्टर : जवळचा मुख्यतः त्वचा आणि हाड वाचतो, लांबचा त्यांच्यासोबत मेंदूही. एकातून दुसरं वजा करतात. तरी त्वचेचा अंश पुरता जात नाही. रक्तदाब वाढवणाऱ्या औषधाने कपाळाच्या रक्तवाहिन्या आकसल्या, तर मेंदू ठीक असूनही आकडा खाली येऊ शकतो.

(दृश्य : ओपीडीबाहेरची रांग. हात, बोटं, कपाळं.)

शिवाय त्वचेचा रंग. त्वचेला रंग देणारं मेलॅनिनही प्रकाश शोषतं. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑक्सिमीटर ठीक म्हणतोय, पण रक्तात ऑक्सिजन कमी आहे, असं कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा आढळलं. तो अभ्यास बोटावरच्या यंत्राचा होता, पण कपाळावरच्या पट्टीतही प्रकाश त्वचेतूनच जातो. या रांगेतल्या माणसांचे रंग बघा, गव्हाळ ते काळाभोर. खरेदीच्या कागदांत किंमत असते, वॉरंटी असते. हे यंत्र कोणत्या रंगांच्या किती माणसांवर पडताळलं, हेही त्यात लिहिलेलं असलंच पाहिजे. रुग्णालयांनी ते मागून घ्यावं आणि उत्तर मिळाल्याशिवाय सही करू नये.